प्राथमिक शाळेतील वर्षअखेर : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी मार्च ते मेच्या कामाचे मार्गदर्शन

मार्चच्या मध्यावर शाळा सकाळच्या सत्रात भरू लागली, की जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलेच वर्ष काढणाऱ्या शिक्षकाला वर्ष संपत आल्याची जाणीव होते, आणि त्याच सुमारास कोणती कामे कोणत्या क्रमाने उरकायची याविषयी त्याच्या मनात गोंधळ सुरू होतो. केंद्रप्रमुखांकडून सूचना येतात, भरायच्या तक्त्यांचे नमुने येतात, गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचे पत्र येते. परंतु या सगळ्या कागदांचा एकमेकांशी संबंध काय, हे कोणी बसून समजावून सांगत नाही. पहिली ते चौथी किंवा पहिली ते पाचवीच्या, बहुतेक वेळा द्विशिक्षकी असलेल्या शाळेत ज्यांना ही कामे प्रथमच करायची आहेत, अशा शिक्षणसेवकांसाठी हा लेख लिहिला आहे. खासगी अनुदानित शाळेतील शिक्षकांनाही त्यातील बराचसा भाग लागू पडेल.

आरंभी एक गोष्ट लक्षात घ्यावी. एप्रिलमध्ये आपण जे लिहितो, ते जूनमध्ये वाचणारी व्यक्ती बहुधा दुसरी असते. कधी ती शेजारच्या वर्गाची शिक्षिका असते, कधी बदलीने आलेले नवे गुरुजी असतात, तर कधी चार किलोमीटर अंतरावरच्या गावातील शाळेचे मुख्याध्यापक असतात. त्या व्यक्तीने आपल्या मुलांना कधी पाहिलेले नसते. म्हणून खाली सांगितलेली प्रत्येक नोंद करताना त्या वाचणाऱ्याला नजरेसमोर ठेवावे.

मार्चमध्येच करावयाची तयारी

परीक्षा संपली की निकाल लावायला भरपूर दिवस मिळतील, असे गृहीत धरू नये. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी एकच वेळापत्रक ठरले, परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल १ मे रोजी द्यायचा होता. मधल्या पाच दिवसांत उत्तरपत्रिका तपासणे, निकालपत्रक तयार करणे आणि प्रगतिपुस्तके लिहिणे ही तीनही कामे दोन शिक्षकांना चार वर्गांसाठी करावी लागली. ज्यांनी मार्चमध्ये निम्मे काम संपवले होते त्यांचेच निकाल स्वस्थपणे लागले.

पहिले काम हजेरीपत्रकाचे आहे. जूनपासून प्रत्येक महिन्याचे कामाचे दिवस, प्रत्येक मुलाचे उपस्थितीचे दिवस आणि महिन्याची सरासरी हजेरी मांडलेली आहे की नाही, हे तपासावे. महिन्यातील रोजच्या उपस्थितीची एकूण बेरीज करून तिला कामाच्या दिवसांनी भागले, की सरासरी हजेरी निघते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितलेले आहेत. आपल्या शाळेचे दिवस त्यापेक्षा कमी दिसत असतील, तर अतिवृष्टीची सुट्टी, स्थानिक सुट्टी किंवा निवडणुकीचे कामकाज यांची नोंद कोठे राहून गेली, ते शोधावे. प्रत्येक मुलाचा वार्षिक उपस्थितीचा आकडा हजेरीपत्रक, निकालपत्रक, प्रगतिपुस्तक आणि यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी प्रणालीतील ऑनलाइन नोंद अशा चार ठिकाणी जातो. तो मार्चअखेर एका कोऱ्या कागदावर पटाच्या क्रमाने लिहून ठेवावा, त्यात एप्रिलचे दिवस तेवढे नंतर मिळवावे आणि चारही ठिकाणी त्याच कागदावरून उतरवावा. चार वेळा वेगवेगळी बेरीज केली, तर चार वेगवेगळी उत्तरे येतात आणि तपासणीच्या वेळी त्यांचा खुलासा देता देता दिवस जातो.

दुसरे काम म्हणजे आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनाच्या राहिलेल्या नोंदी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती लागू झाली. या पद्धतीत वर्षभराच्या निरीक्षणाला मोठे वजन आहे. पहिली-दुसरीसाठी १०० पैकी ७० गुण आकारिक आणि ३० गुण संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या, मूल्यमापनाचे असतात, तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण ६० आणि ४० असे आहे, तर पाचवी-सहावीसाठी ५० आणि ५० असे आहे. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांचे सर्व १०० गुण आकारिकच असतात. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही या मूल्यमापनाची साधने आहेत, आणि वर्षभर केलेल्या कामावरूनच त्यांचे गुण यायला हवेत. पुष्कळ ठिकाणी हे रकाने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरले जातात. तसे केल्याने मूल्यमापनाचा अर्थच नाहीसा होतो; शिवाय दुसरीतल्या मुलाच्या १०० पैकी ७० गुणांना कसलाच आधार उरत नाही. ज्या मुलाचा प्रकल्प किंवा तोंडी काम राहिले असेल, त्याच्यासाठी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोज अर्धा तास काढावा. सकाळच्या सत्रात मुले ताजीतवानी असतात, त्यामुळे प्रकट वाचन आणि तोंडी प्रश्न यांसाठी ही वेळ फार सोयीची पडते.

संकलित मूल्यमापन आणि श्रेणी

द्वितीय सत्राच्या संकलित मूल्यमापनात तोंडी अथवा प्रात्यक्षिक आणि लेखी असे दोन भाग असतात. पहिली-दुसरीच्या ३० गुणांपैकी १० तोंडी व २० लेखी, तर तिसरी-चौथीच्या ४० गुणांपैकी १० तोंडी व ३० लेखी, अशी विभागणी आहे. काही इयत्तांच्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांच्या प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येतात आणि त्यांचे गुण ऑनलाइनही भरावे लागतात. बाकीच्या विषयांच्या प्रश्नपत्रिका शाळेनेच काढायच्या असतात. राज्यस्तरावरून आलेल्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा मिळताच पटाशी ताडून मोजावा, कारण परीक्षेच्या सकाळी तीन प्रती कमी निघाल्या तर छायाप्रतीचे दुकान तालुक्याच्या गावीच असते.

तोंडी परीक्षा लेखी परीक्षेच्या आधी संपवावी आणि एका दिवशी दहा-बारा मुलांपेक्षा अधिक मुलांची घेऊ नये. मुलाला समोर बसवून त्याने न वाचलेला उतारा वाचायला द्यावा, कारण पाठ्यपुस्तकातला धडा पुष्कळ मुलांना पाठ असतो आणि ते पाठ म्हणत आहेत की वाचत आहेत हे ऐकून कळत नाही.

आकारिक आणि संकलित गुणांची बेरीज करून शेकडा प्रमाण काढले, की श्रेणी लावायची. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२, ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा त्यापेक्षा कमी गुणांना इ-२ अशी श्रेणी आहे. हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून निकालाच्या टेबलासमोर भिंतीवर लावावा. निकालपत्रकावर आधी पेन्सिलीने गुण भरावेत, जोडीदार शिक्षकाने मोठ्याने वाचून ताळा घ्यावा आणि मगच शाईने लिहावे. खाडाखोड झालीच तर चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारून वर योग्य आकडा लिहावा आणि तेथे मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पांढरे द्रव लावून आकडा झाकू नये.

पहिली ते चौथीच्या मुलाला श्रेणी कोणतीही मिळाली, तरी त्याला त्याच वर्गात ठेवता येत नाही. परंतु इ-१ किंवा इ-२ श्रेणी मिळालेले मूल वरच्या वर्गात घालताना त्याला जादा मार्गदर्शनाची गरज आहे, ही नोंद अवश्य जायला हवी. ही श्रेणी टाळण्यासाठी आकारिक गुण वाढवून मुलाला ड श्रेणीत बसवण्याचा मोह होतो, कारण इ श्रेणीची मुले निकालात दिसली की वरिष्ठ प्रश्न विचारतात. असे केल्याने शिक्षकाची सुटका होते आणि मुलाचे नुकसान होते. पुढच्या शिक्षकाच्या हाती आलेल्या कागदावर त्या मुलाची अडचण कोठेच दिसत नाही आणि जूनमध्ये त्याला कोणी वेगळे बसवून शिकवत नाही.

वर्णनात्मक नोंदी

वर्षअखेरच्या सगळ्या कामांत ज्याला सर्वाधिक वेळ द्यावा आणि ज्याला प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ दिला जातो, ते काम वर्णनात्मक नोंदींचे आहे. प्रगतिपुस्तकात विशेष प्रगती, आवड व छंद आणि सुधारणा आवश्यक असे रकाने असतात. बाजारात आणि मोबाईलवर या नोंदींच्या तयार याद्या मिळतात आणि त्यातील वाक्ये पटाच्या क्रमाने उतरवून काढली जातात. "वाचन चांगले करतो", "अभ्यासात लक्ष देणे आवश्यक", "अक्षर सुधारावे" ही वाक्ये कोणत्याही गावातल्या कोणत्याही मुलाला लागू पडतात, म्हणून ती कोणत्याच मुलाविषयी काहीही सांगत नाहीत.

नोंद लिहिण्याआधी त्या मुलाची वही उघडावी आणि शेवटची दहा पाने पाहावीत. उदाहरणार्थ, तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत ५२ मधून २७ वजा केल्यावर उत्तर ३५ आलेले असते. तिचे "वजाबाकी कच्ची आहे" असे लिहिण्याऐवजी "दशक मोडावा लागत नाही अशी वजाबाकी बिनचूक करते, दशक मोडायचा असेल तेथे प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते" असे लिहिले, तर जूनमध्ये नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवसापासून काड्यांचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन नेमके काय करून घ्यायचे हे कळते. वाचनाचेही असेच आहे. "साधे शब्द सलग वाचतो, जोडाक्षर आले की थांबतो, सूर्य, पर्वत असे रफाराचे शब्द चुकवतो" या एका वाक्यातून मूल कोठपर्यंत आले आहे आणि पुढचे पाऊल कोणते, हे दोन्ही समजते. आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसणारा मुलगा सुट्टे पैसे तोंडी बिनचूक परत करतो आणि तोच हिशेब शाब्दिक उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिला की गोंधळतो. अशा वेळी त्याला गणित येत नाही असे लिहिणे चुकीचे ठरेल, कारण त्याची अडचण उदाहरण वाचून समजण्याची आहे.

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांच्या नोंदी विशेष जपून कराव्यात. तांड्यावरून येणारी, घरी गोरमाटी बोलणारी मुलगी किंवा मेळघाटात घरी कोरकू बोलणारा मुलगा मराठीच्या तासाला गप्प बसत असेल, तर त्याला "अबोल" किंवा "बुजरा" म्हणून मोकळे होऊ नये. सुट्टीत आपल्या सवंगड्यांत ते मूल कसे बोलते हे पाहावे आणि "घरच्या भाषेत भरभरून बोलते, मराठीत प्रश्न समजतो पण उत्तर एका शब्दात देते" असे लिहावे. असे मूल मठ्ठ आहे असा समज एकदा कागदावर गेला, की तो वर्षानुवर्षे त्याच्या मागे राहतो, याचा अनुभव मी घेतला आहे.

चंचल, हट्टी, आळशी अशी विशेषणे टाळावीत. घरातील आजारपण, वडिलांचे व्यसन, आईवडिलांचे वेगळे राहणे अशा गोष्टी प्रगतिपुस्तकात मुळीच लिहू नयेत, कारण ते पुस्तक घरी जाते, शेजारीपाजारी वाचले जाते आणि मूल स्वतःही ते वाचते. पुढच्या शिक्षकाला त्या कळणे आवश्यक असेल, तर त्या समक्ष भेटून सांगाव्यात. तीस मुलांच्या वर्गासाठी रोज तीन मुलांच्या नोंदी लिहायच्या ठरवल्या, तर कामाचे दहा दिवस पुरतात. म्हणून हे काम परीक्षा सुरू होण्यापूर्वीच हाती घ्यावे.

पाचवीचा वर्ग असेल तर

पाचवीचे नियम आता वेगळे आहेत आणि नव्या शिक्षकांच्या हातून येथे चूक होण्याची शक्यता अधिक असते. केंद्राने २०१९ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती केली, त्यानुसार महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले आणि २०२३-२४ या वर्षापासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीची परीक्षा प्रत्येक विषयाला ५० गुणांची असते आणि उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ टक्के, म्हणजे १८ गुण लागतात. जे मूल उत्तीर्ण होत नाही, त्याला जादा मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी लागते आणि तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर पाचवीतच ठेवता येते. परंतु प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे.

यातून शिक्षकावर येणारी जबाबदारी अशी, की पुनर्परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या घरी निकालाच्या दिवशीच समक्ष सांगावे, कोणत्या विषयाचा कोणता भाग करून घ्यायचा ते कागदावर लिहून द्यावे आणि मे महिन्यात त्याला कोण शिकवणार हेही त्याच दिवशी ठरवावे. "तुमचा मुलगा नापास झाला" या तीन-चार शब्दांवर संभाषण संपले, तर ते मूल जूनमध्ये शाळेत येईलच याची खात्री देता येत नाही.

ऊसतोडीवरून परतणारी मुले

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतील शिक्षकांना हा प्रश्न दर वर्षी भेडसावतो. दिवाळीच्या आसपास आईवडिलांबरोबर गेलेली मुले साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. काहीजण मागे हंगामी वसतिगृहात राहिलेले असतात, काहीजण शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून मूळ शाळेने दिलेले कार्ड) घेऊन कारखान्याजवळच्या शाळेत बसलेले असतात आणि काहीजण कोठेच बसलेले नसतात. मूल परतल्याच्या दिवशीच हमी कार्ड मागून घ्यावे, तेथील शाळेने केलेल्या उपस्थितीच्या व मूल्यमापनाच्या नोंदी आपल्या नोंदवहीत घ्याव्यात आणि मूळ कार्ड जपून ठेवावे. ज्याच्याकडे कार्ड नाही, अशा मुलालाही परीक्षेला बसवावे. आधी दोन-तीन दिवस शेजारी बसून त्याला किती येते ते पाहावे आणि वर्णनात्मक नोंदीत त्याचे सुटलेले घटक स्पष्ट लिहावेत. चार महिने कोयत्यामागे हिंडून आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी गैरहजेरीवरून बोलू नये. तो स्वतःच्या इच्छेने गेलेला नसतो आणि शाळेत परत आला आहे, हीच मोठी गोष्ट आहे.

शाळा सोडल्याचा दाखला

आपल्या शाळेत शेवटची इयत्ता चौथी किंवा पाचवी असेल, तर त्या वर्गातील प्रत्येक मुलाला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा लागतो. हा कागद त्या मुलाबरोबर आयुष्यभर राहतो. जात प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेतील नोंदी पाहिल्या जातात, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरेही पुन्हा उघडावी लागली. आज आपण जी ओळ लिहितो, ती पन्नास वर्षांनी कोणीतरी भिंग लावून वाचणार आहे, अशा जाणिवेने दाखला लिहावा.

दाखल्यावरील प्रत्येक मजकूर जनरल रजिस्टरवरूनच, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीवरूनच, उतरवावा. पालकांच्या सांगण्यावरून, आधार कार्डावरून किंवा हजेरीपत्रकावरून काहीही लिहू नये, कारण दाखल्याच्या तळाशी "वरील माहिती जनरल रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे" या वाक्याखाली सही असते. मुलाचे संपूर्ण नाव, आईचे नाव, धर्म, जात व पोटजात, गाव-तालुका-जिल्ह्यासह जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शाळेत दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, या क्रमाने एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. त्यानंतर अदलाबदल करून पुन्हा वाचावे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एकट्याने बसून लिहिलेल्या एका दाखल्यात जन्मतारीख अंकांत बरोबर आणि अक्षरांत एका महिन्याने चुकीची पडली. पुढच्या शाळेने ती दाखवून दिली आणि त्या मुलाच्या वडिलांना मजुरी बुडवून तीन वेळा यावे लागले. तेव्हापासून मी एकही दाखला एकट्याने लिहिलेला नाही.

जनरल रजिस्टरमध्येच चूक आहे असे आढळले, तर आपल्या हाताने ती दुरुस्त करू नये. पालकांचा अर्ज आणि पुरावे घेऊन वरिष्ठांची लेखी मंजुरी मागवावी आणि मंजुरीचा क्रमांक व दिनांक लाल शाईने त्या नोंदीसमोर लिहावा. हे काम वेळ घेते, म्हणून शेवटच्या वर्गाच्या नोंदी फेब्रुवारी-मार्चमध्येच पालकांना दाखवून घ्याव्यात. दाखला दिला की रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याचा रकाना त्याच दिवशी भरावा आणि स्थळप्रतीवर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यावा.

कोणत्याही कारणाने दाखला अडवून धरू नये. मूल दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी तो तत्काळ द्यायचा आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून पुढच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते. ही गोष्ट पालकांनाही सांगून ठेवावी.

दाखला हातात दिला म्हणजे मूल पुढच्या शाळेत पोहोचले, असे मात्र होत नाही. शेवटच्या वर्गातील मुलांची यादी करून प्रत्येकाच्या नावासमोर ते कोणत्या शाळेत जाणार हे लिहावे आणि ज्यांच्यासमोर काहीच लिहिता येत नाही, त्यांच्या घरी एप्रिलमध्येच जावे. अशा नावांत मुली अधिक असतात. पुढची शाळा दुसऱ्या गावात आहे, वाटेत ओढा आहे, धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणी नाही, ही कारणे ऐकू येतात. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण भागातील मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, हे अनेक पालकांना माहीत नसते. त्याच गावातल्या दोन-तीन मुलींची पालकांसमक्ष जोडी लावून दिली, तर एकटीने जाण्याची भीती कमी होते आणि घरून होकार येतो.

ऑनलाइन नोंदी

यू-डायस प्लस प्रणालीत प्रत्येक मुलाला वरच्या वर्गात घालावे लागते. तेथे निकालाची स्थिती, शेकडा गुण, उपस्थितीचे दिवस आणि मूल याच शाळेत शिकत आहे की शाळा सोडून गेले आहे, एवढी माहिती भरायची असते; त्यासाठी मार्चमध्ये केलेला कागद उपयोगी पडतो. शाळा सोडून गेलेल्या मुलाची नोंद योग्य रीतीने मोकळी केली नाही, तर पुढच्या शाळेला ते मूल आपल्या पटावर घेता येत नाही. पुढच्या शाळेला त्यासाठी मुलाचा कायम शिक्षण क्रमांक आणि जन्मतारीख लागते, म्हणून तो क्रमांक दाखल्यासोबत एका चिठ्ठीवर लिहून द्यावा. आधारवरील नाव आणि शाळेतील नाव जुळत नसेल तर अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरील ओळख क्रमांक, तयार होण्यात अडचण येते. अशा मुलांची यादी पालकांना सुट्टीपूर्वी द्यावी, कारण आधार केंद्रात जाण्यासाठी त्यांना मे महिनाच सोयीचा असतो.

धान्य, पुस्तके आणि सामान

पोषण आहाराचा हिशेब शेवटच्या दिवशी बंद करावा. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ धरला जातो, म्हणजे ३८ मुले जेवली तर ३ किलो ८०० ग्रॅम खर्च पडतो. या हिशेबाने साठा नोंदवहीत उरलेला तांदूळ आणि प्रत्यक्ष वजन जुळते की नाही ते पाहावे, उरलेले धान्य झाकणाच्या कोठीत भरावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या एका सदस्यासमक्ष खोलीला कुलूप लावावे. ग्रंथालयाची पुस्तके परीक्षेपूर्वीच जमा करून घ्यावीत. सुस्थितीतील पाठ्यपुस्तके मागून घ्यावीत. परंतु एखाद्या मुलाला आपले पुस्तक सुट्टीत हवे असेल, तर त्याच्याकडून ते ओढून घेऊ नये. जडवस्तू नोंदवहीप्रमाणे खुर्च्या, फळे, टीव्ही संच यांची मोजणी अर्ध्या दिवसात होते.

निकालाचा दिवस

१ मे रोजी सकाळी ध्वजवंदन होते आणि त्यानंतर बहुतेक शाळांत निकाल दिला जातो. त्या दिवशी पालक कामावर नसण्याची शक्यता अधिक असल्याने ही प्रथा उपयोगाची आहे. निकाल मोठ्याने वाचून दाखवू नये आणि पहिला-दुसरा क्रमांक जाहीर करू नये. या मूल्यमापन पद्धतीत क्रमांकाला जागा नाही. प्रत्येक पालकाला पाच मिनिटे समोर बसवावे, मुलाला शेजारी घ्यावे, त्याला काय चांगले येते ते आधी सांगावे आणि सुट्टीत करण्यासारखे एकच काम सांगावे. वाचता न येणाऱ्या आईला प्रगतिपुस्तकातली नोंद वाचून दाखवावी. तिच्यासमोर मुलाकडून एक परिच्छेद वाचून घेतला, तर तिला निकाल सर्वांत नीट समजतो.

याच काळात पहिलीत येणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण आणि शाळापूर्व तयारीचा एप्रिलमधला मेळावाही असतो. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने चालणाऱ्या या अभियानात मातांचे गट केले जातात. त्यांना दिलेली कृतिपत्रके सुट्टीत वापरली जातात की नाही, हे मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी वस्तीवर चक्कर मारून पाहता येते.

सुट्टीला जाण्यापूर्वी शेवटचे काम एका पानाचे आहे. आपल्या वर्गातील मुलांची नावे पटाच्या क्रमाने लिहावीत आणि प्रत्येकासमोर पुढच्या शिक्षकासाठी एक ओळ लिहावी : कोणाला चष्म्याची गरज दिसते म्हणून पुढे बसवायचे आहे, कोणाला फिट येते आणि तेव्हा घरी कोणाला बोलवायचे, कोण उपाशीपोटी येतो, कोणाला चित्र काढायला दिले की बोलू लागतो. घरगुती आणि नाजूक गोष्टींची ओळ या पानावरही न लिहिता फक्त "समक्ष बोलावे" एवढेच लिहावे. हे पान पाकिटात घालून मुख्याध्यापकांकडे द्यावे आणि त्यावर इयत्ता व वर्ष लिहावे. आपली बदली झाली नाही आणि जूनमध्ये तोच वर्ग आपल्याकडे आला, तरी ते पाकीट शाळा उघडल्याच्या पहिल्या सकाळी उघडून वाचावे, कारण दीड महिन्यात पुष्कळ बारीकसारीक गोष्टी आपल्यालाही आठवत नाहीत.